माझ्या हाताचा जामीन

सातपुड्यातल्या एका पाड्याच्या देवाचा शेंदूर मी चाकूने काढला होता. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्या वकीलसाहेबांच्या कामासाठी मी तिथे गेलो होतो त्यांना तर नाहीच. इतकी वर्षं न बोलण्याचं कारण लाज, असं मी मनाशी धरून चाललो होतो. पण नुसती लाज असती तर केव्हातरी, तापात म्हणा, प्रवासात म्हणा, कोणाजवळ तरी बोलून गेलो असतो. खरं कारण वेगळं आहे. न सांगितल्याने माझं काही अडत नव्हतं. अडत होतं ते दुसऱ्याचं.

मी तेव्हा नंदुरबारला एका वकिलांकडे कारकून होतो. घर जवळच्या कोरीट गावचं. वडील म्हणाले, शेती एका भावाला पुरते, तू शीक. मी मॅट्रिकला बसलो, आणि बसण्यापुरताच माझा त्या परीक्षेशी संबंध आला. पण अक्षर चांगलं होतं आणि चित्र काढता येत होतं. वकीलसाहेबांना अक्षराचा उपयोग आठवडाभर होई आणि चित्रकलेचा रविवारी. त्यांना पडक्या देवळांचा नाद होता. रविवारी टांगा करून ते कुठल्या तरी देवळाला जात, मी खांब, चौकटी, शिळा कागदावर उतरवी, आणि संध्याकाळी परतताना ते देऊळ जाताना होतं त्यापेक्षा दोनेकशे वर्षांनी जुनं झालेलं असे.

त्यांचा एक अशील लाकडाचा ठेकेदार होता. तळोद्याच्या वरच्या डोंगरात त्याची तोड चाले. एकदा तारखेच्या दिवशी तो म्हणाला, "साहेब, आम्हना तोडना वर एक देऊळ शे. रान माजेल शे, भित्या पडेल शेत. गवळी राजानं म्हनतस."

वकीलसाहेब म्हणाले, "खानदेशात ज्याचा बाप सापडत नाही ते सगळं गवळी राजाचं." आणि त्याच्या खटल्याचे कागद बाजूला सारून देवळाची चौकशी करू लागले. ठेकेदार तो खटला पुढे हरला.

धुळ्याला एका सभेत वकीलसाहेबांना निबंध वाचायचा होता. विषय ठरत नव्हता, तो ठरला. मार्गशीर्षात आम्ही निघालो. प्रकाशा गावासमोरच्या काठापर्यंत गाडी, तापी नावेने, पुढे तळोद्यापर्यंत पुन्हा गाडी. तळोद्याला वकीलसाहेबांचा गुडघा सुजला. तो मुळातच आम्ही पाहायला निघालो होतो त्या देवळापेक्षा जुना झाला होता. ते ठेकेदाराच्या ओसरीवर लोडाला टेकून बसले आणि मला म्हणाले, "तू जा. माझे डोळे समज आणि बघ. खांब वगैरे काढशीलच, पण मूर्ती कोणाची ते नक्की करून ये. देव कळला की देऊळ कळलं. नाही कळला तर मी धुळ्याला काय वाचू, तुझी चित्रं?"

हे त्यांनी हसत सांगितलं. पण मला त्यांचं हसणं ओळखीचं होतं. त्यांच्याकडची माझी नोकरी त्याच हसण्यावर चालली होती.

ठेकेदाराने वाटाड्या दिला. चाळिशीचा, काटक माणूस, त्या देवळाखालच्या पाड्यावरचाच. ठेकेदाराने ओळख करून देताना सांगितलं की त्या देवाची सेवा याच्या घरात आहे. म्हणजे वर्षातून एकदा देवाला शेंदूर चढवायचा तो याच्याच हाताने. दुसऱ्या कोणी देवाला हात लावायचा नाही. बाप होता तोवर बापाचा हात होता, आता याचा. पेरणीचा पहिला दाणाही सगळ्या पाड्यासाठी हाच टाकतो. त्यानंतर बाकीचे आपापल्या शेतात पेरतात. त्यापायी त्याला काही मिळत नसे. पण पहिला दाणा तो टाकेपर्यंत लोक आभाळाकडे बघत थांबत.

तो मला साहेब म्हणे. मी साहेब नव्हतो, पण मी दुरुस्ती केली नाही. घरी त्याची बोली भिली. माझ्याशी तो बाजारातली अहिराणी बोलायचा. घरी मीही अहिराणीच बोलतो, पण त्या दिवशी साहेब असल्यामुळे शुद्ध मराठी बोलत होतो. ती दुपारपर्यंत टिकली.

चढ लागला तसा तो म्हणाला, "साहेब, हाई छत्री काब्रं आनी?"

"ऊन लागतं."

वर सागाची पानं अशी दाटली होती की ऊन आहे की नाही हे कळायला थांबावं लागत होतं. तो म्हणाला, "झाडेसले छत्री दखाडस का?"

थोडं पुढे गेल्यावर माझ्या बुटांकडे बघून म्हणाला, "तुन्हा जोडा भलताच बोलस. चांगलं शे. डुकरं पयी जातीन."

बूट नवे होते आणि खरोखरच बोलत होते.

देवळाच्या अलीकडे एक जुनं महूचं, म्हणजे मोहाचं, झाड होतं. त्याच्या बुंध्याशी दगडांचा ढीग. तिथे त्याने मला थांबवलं. पळसाच्या पानाचा द्रोण केला, कमरेला बांधलेल्या भोपळ्याच्या तुंब्यातली महूची दारू त्यात ओतली आणि द्रोण तिरका करून दगडांवर धार धरली. धार पडत असताना तो भिलीत काहीतरी बोलत होता. देवापुढे पुटपुटतात तसं नव्हे. अंगणात उभं राहून घरातल्या माणसाला सांगावं तसं, मोठ्याने आणि मधूनमधून थांबून. मध्ये एकदा त्याने माझ्याकडे बोट केलं.

मी विचारलं, "काय सांगितलंस?"

"तू कोन, कोठला, कसाले उना, ते सांगं. आन सांगं का याना हात तो मन्हा हात."

"म्हणजे?"

"म्हंजे तू काही करं तर ते मी करं."

"मी काय करणार?"

"ते माले काय माहीत?" तो म्हणाला. "तरी सांगनं पडस. नवा मानूसले तो वळखत नई. माले वळखस."

मी मनाशी म्हटलं, हा जामीन झाला. जामिनाचे कागद मी रोज लिहीत होतो. कोर्टात जामीन राहणारा आधी आरोपीच्या बापाला विचारतो, मग स्वतःच्या बायकोला विचारतो आणि बहुतेक वेळा त्यानंतर येतच नाही. याने मला सकाळी पहिल्यांदा पाहिलं होतं.

देऊळ म्हणण्याजोगं थोडंच उरलं होतं. पायऱ्या मातीत गेलेल्या. भिंती पडल्या होत्या, पण दाराची दगडी चौकट तशीच उभी होती. आत जायला चारी बाजू मोकळ्या असताना वाटाड्या त्या चौकटीतून वाकून आत गेला. मीही वाकून गेलो. पिंपळाच्या एका मुळीने खांब असा आवळला होता की खांब मुळीला धरून उभा आहे की मुळी खांबाला, हे सांगता येत नव्हतं. गवत कमरेएवढं. माकडं वरून बघत होती. मला आठवतं, तिथे गेल्यावर माझ्या बुटांचा आवाज बंद झाला, कारण खाली सगळा पाला होता. बरं वाटलं.

गाभाऱ्यावर छत नव्हतं. मधोमध देव. गुडघ्याएवढा, अंगाने गोल, तेलाने चकचकीत, सगळा शेंदूर. त्याला नाक नव्हतं, डोळे नव्हते, हात नव्हते. बापांनी, आज्यांनी, त्यांच्याही आधीच्यांनी थरावर थर दिलेले होते. आत काय आहे ते बाहेरून कळायला मार्ग नव्हता.

मी खांब काढायला बसलो. तो पानाची विडी ओढत शेजारी बसला.

"हाऊ खांब वाकडा काब्रं काढा?"

"तो वाकडाच आहे."

"मंग कागदवर तरी सीधा कर ना."

मी विचारलं, "हे देऊळ कोणी बांधलं?"

"माले काय इचारस? मी नई बांधं."

"तुमच्याकडे काय सांगतात?"

तो विडी खाली दाबून म्हणाला, "जो बांधा तो गया. देव ऱ्हायना. आम्हले देवशी काम."

हे मी टिपून घेतलं. वकीलसाहेबांना ते निबंधात घालता आलं नसतं, पण दिवसभरात मला तेवढंच ऐकायला मिळालं होतं.

खांब झाले, चौकट झाली. राहिला देव. मी त्याच्यासमोर बसलो आणि कागदावर एक गोल काढला. त्या गोलाखाली लिहायला माझ्याकडे काही नव्हतं. तळोद्याच्या ओसरीवर वकीलसाहेब विचारणार होते, कोण? आणि मी म्हणणार होतो, गोल.

मी वाटाड्याला म्हटलं, रंगाला पाणी हवं. रंग मी आणलेच नव्हते. तो रिकामा तुंबा घेऊन झऱ्याकडे उतरला.

पेन्सिलीला टोक काढायचा चाकू खिशात होता. माझा विचार बोटभर जागा बघायचा होता. एवढं सांगणं मला आवश्यक वाटतं, आणि एवढं सांगून काही फरक पडत नाही हेही मला कळतं. खालच्या अंगाला तेल सुकून एक चीर गेली होती. तिच्यात चाकूचं पातं सरकवलं आणि जरा उचकटलं. बोटभर निघालं नाही. आधी काही झालं नाही, मग पुढचा सगळा भाग एकदम सुटला आणि माझ्या मांडीवरून घसरून खाली फरशीवर फुटला. सुका भोपळा फुटावा तसा आवाज झाला. माकडं ओरडली. फुटलेल्या कडेला थर दिसत होते, शेंदरी, काळे, पुन्हा शेंदरी. एकेका थराला एकेक वर्ष. मी त्यातली किती वर्षं पाडली ते मोजलं नाही.

आत मूर्ती नव्हती. एक बैठक होती आणि तिच्यावर दोन पावलं, घोट्यापाशी तुटलेली. वरचा देव केव्हाच गेला होता. कोणी फोडला, कोणी नेला, की पडला, कोण जाणे. नुसत्या पावलांवरून ती कोणाची हे मला सांगता येत नव्हतं.

माझी बोटं लाल झाली होती. चाकू पुसून खिशात टाकला. बोटं पाल्याने पुसली, निघेनात. तेव्हा मी खाली पडलेल्या खपल्या गोळा करायला लागलो, म्हणजे बोटं लाल असण्याला कारण होईल. हे मला त्या क्षणी सुचलं. कारकुनाचं डोकं कुठेही चालतं.

तो पाणी घेऊन आला आणि चौकटीतच थांबला. "हात नको लावू!" एवढंच ओरडला.

मी हात मागे घेतला. म्हणालो, "पडी गयं. आपोआप पडी गयं."

खोटं बोलताना माझी शुद्ध मराठी सुटली.

त्याने तुंबा खाली ठेवला. देवाकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "तू देखं?"

"देखं."

"तुन्हा हात कोठे व्हता?"

"कागदवर."

त्याने मान हलवली. विश्वास ठेवायला त्याला काही वेळ लागला नाही. ते मला तेव्हा सोयीचं वाटलं. मग त्याने डोक्याचं फडकं सोडलं, सगळ्या खपल्या, चुरासुद्धा, त्यात वेचल्या आणि फडक्याची गाठ मारली. सागाची पानं आणून ती दोन पावलं झाकली. हे सगळं तो असं करत होता, जणू घरात कोणी गेलं आहे आणि करायची कामं करायलाच हवीत. मी एका बाजूला कागद गुंडाळत होतो. माझंही काम होतं.

महूच्या झाडापाशी तो पुन्हा थांबला. या वेळी धार धरली नाही, नुसता बोलला. थोडंच बोलला. मग मला म्हणाला, "जाय तू. आठून वाट सीधी शे." मी एकटा उतरलो. बूट पुन्हा बोलायला लागले.

वकीलसाहेबांनी ओसरीवरूनच विचारलं, "कोण?"

"मूर्ती भग्न आहे," मी म्हटलं. "फक्त पावलं आहेत."

"पावलं! कशी पावलं?"

"दोन."

"गाढवा, पायात जोडे होते का? सूर्याच्या मूर्तीच्या पायात जोडे असतात."

मी म्हणालो, "असावेत." त्यावर ते देऊळ सूर्याचं झालं. धुळ्याच्या सभेत निबंध वाचला गेला, टाळ्या पडल्या, आणि प्रत सुवाच्य असल्याबद्दल अध्यक्षांनी लेखनिकाचंही कौतुक केलं. लेखनिक मागच्या रांगेत होता.

पुढे वकीलसाहेब वारले. मी नंदुरबारच्या एका मिरचीच्या आडतीवर दिवाणजी म्हणून लागलो. लग्न झालं, मुलं झाली. डोंगराचा विचार कधी येई, पण सारखा नाही. माणूस अशा गोष्टीने रात्रंदिवस झुरतो असं लिहायची रीत आहे. मी झुरलो नाही. जेवण जात होतं.

सहासात वर्षांनी हिवाळ्यात तो मला पथारीवर भेटला. पथारी म्हणजे गावाबाहेरचं मिरची वाळत घालायचं मैदान. मोसमात ते लांबपर्यंत लाल असतं, आणि डोंगरातली माणसं मिरची पसरायला, उलटायला, देठ खुडायला मजुरीने येतात. तोंडाला फडकं बांधलेला एक माणूस फावडीने मिरची उलटत होता. मी जवळून गेलो तसा तो थांबला आणि म्हणाला, "साहेब, छत्री कोठे?"

मला ओळख पटायला वेळ लागला नाही. मी हसलो. हसण्याशिवाय दुसरं काही करता येईना.

दुपारी तो भाकरी खायला बसला तेव्हा मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. दिवाणजी मजुराजवळ बसला म्हणून बाया एकमेकींना कोपरं मारत होत्या. मी विचारलं, "तू इथे कसा?"

त्याने सांगितलं. आवाज न चढवता, भाकरी मोडत. त्या दिवशी तो खपल्यांचं फडकं घेऊन पाड्यावर गेला. म्हातारे बसले. बडव्याला बोलावलं, बडवा म्हणजे देवाचं काय म्हणणं आहे ते सांगणारा माणूस. बडव्याने आधी विचारलं, कोणाचा हात लागला का? याने सांगितलं, नाही. बरोबर एक साहेब होता, त्याचा हात कागदावर होता, त्याने डोळ्यांनी देव सुटताना पाहिला. बडवा म्हणाला, मग देव याच्या हातावर राहिला नाही. आपण होऊन सोडून गेला. सेवा चुलत्याच्या घरात गेली. पेरणीचा पहिला दाणाही गेला. पुढच्या वर्षी याने आपल्या शेतात पेरायला घेतलं तर शेजारी म्हणाला, तू आधी पेरू नको, आमचं होऊ दे. त्यानंतर तो मजुरीला खाली यायला लागला.

"खाली बरं शे," तो म्हणाला. "मिरची कोनले हात इचारत नई."

त्याने हात पुसले.

"एक इचारू साहेब?"

"विचार."

"त्या दिन तुन्हा हात खरंच कागदवर व्हता ना?"

मी जवळची एक मिरची उचलून तिचा देठ खुडला. तो म्हणाला, "लागना व्हई तर सांगी टाक. मी राग नई धरावू. तुन्हा हात तो मन्हा हात, मी सोता बोलेल शे. हातना दोषले बोकड शे. एक बोकड, घडाभर दारू, बठा पाडा जेवस, गोष्ट संपनी. मी मन्हा घर जास, देव मन्हा घर येस." मग थोडं थांबून म्हणाला, "पन देव सोताच गया व्हई तर त्याले काय देवानं? त्याले बोकड नई."

हे मला तोवर माहीत नव्हतं. मी खोटं बोललो ते त्याला आणि मला दोघांनाही दोषातून वाचवण्यासाठी, अशी माझी एक समजूत होती. म्हणजे अगदीच नीच नाही, अशी. आता तो समोर बसून सांगत होता की दोष असता तर जेवणावळीत फिटला असता. मी त्याला दोषातून वाचवलं होतं आणि म्हणून तो कायमचा अडकला होता.

तो मला धमकावत नव्हता. त्याच्या हातात भाकरीचा तुकडा होता आणि डोळ्यांतून मिरचीचं पाणी वाहत होतं. तो माझ्याकडे स्वतःसाठी दोष मागत होता. एक "हो" म्हटलं असतं तर पुरलं असतं.

आडतीचे शेठ पलीकडे छपरात गादीवर होते, पण तिथे त्यांना ऐकू येत नव्हतं. म्हणून शेठची भीती होती असं मला म्हणता येत नाही. पाड्यावर जाऊन सांगावं लागेल, लोक मारतील, अशीही भीती मला त्या क्षणी वाटली नाही. वाटलं ते असं की याने सहासात वर्षं मला खरं बोलणारा माणूस समजून काढली, आणि आता याच्यासमोर मी दुसरा कोणीतरी होणार. तेवढ्यासाठी.

मी म्हणालो, "कागदावरच होता. देव आपोआप सुटला."

या वेळी मराठी शुद्ध होती.

"मंग ठीक शे," तो म्हणाला. माझा चेहरा उतरलेला बघून त्याने माझी समजूतही काढली. "तुन्हा काय दोष? तू नुसता बसेल व्हता." मग फडकं बांधलं, फावडी उचलली आणि मिरची उलटायला गेला.

पहिलं खोटं घाबरून बोललो होतो. ते मी स्वतःला माफ केलं आहे, फार काटेकोरपणे नाही, पण केलं आहे. हे दुसरं मला माफ करता आलेलं नाही, आणि कोणी करावं असंही वाटत नाही.

पुढे कित्येक वर्षं तो मोसमात येत राहिला. मी त्याला सावलीतलं काम दिलं. त्याने मागितलं नव्हतं. थंडीत घोंगडी दिली. एकदा त्याची बायको आजारी पडली तर चिंचपाड्याच्या दवाखान्यात मी स्वतः गाडी जुंपून पाठवली. पथारीवर मी दयाळू म्हणून प्रसिद्ध झालो. दिवाणजींना गरिबाचं मन कळतं, असं शेठ पाहुण्यांना सांगत. तो मात्र प्रत्येक वस्तू घेताना थोडा अवघडायचा. एकदा म्हणालाही, "साहेब, तू माले इतलं कसाले देस? मी तुन्हं काय करं?"

मी म्हटलं, "घे रे. बोलू नको."

गेले दोन मोसम तो आलेला नाही. यंदा त्याच्या बाजूची एक बाई देठ खुडायला होती, तिला विचारलं. ती म्हणाली, "शे ना, जित्ता शे. म्हातारा व्हई गया. उतरता येत नई." मग तिने आपण होऊन सांगितलं की तो अजून पेरणीच्या दिवशी शेताकडे येतो, पण बांधाच्या पलीकडे लांब बसतो. कोणी बस म्हटलेलं नाही, कोणी ऊठ म्हटलेलं नाही. पहिला दाणा पडला की उठून घरी जातो.

त्या रात्री मी जेवलो. पण दुसऱ्या दिवशी शेठकडून सुटी मागितली आणि गाडीने प्रकाशाच्या नावेपर्यंत गेलो. नावाड्याने विचारलं, "पलीकडे जाशात का?" मी म्हटलं, बघतो. काठावर बसलो. नाव भरली आणि गेली, पुन्हा आली. नावाडी म्हणाला, "दिवाणजी, आते तरी बसा, नई तर नदीच पलीकडे जाई." आजूबाजूचे हसले. मीही हसलो. संध्याकाळच्या गाडीने नंदुरबारला परत आलो. बायकोने विचारलं, काम झालं का. मी म्हटलं, झालं. हे तिसरं.

आता पन्नाशी जवळ आली आहे. हे लिहून मोकळं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालेलं नाही, आणि व्हायचं कारणही नाही. ज्याला हे कळायला हवं त्याला वाचता येत नाही. तुम्हाला सांगून त्याचं काही फिटत नाही.

बाकी आहे ते इतकंच. त्या पाड्यावर जायचं. बडवा आणि म्हातारे बसतील तिथे, तो समोर असताना, उभं राहून सांगायचं की शेंदूर माझ्या चाकूने निघाला, माझा हात कागदावर नव्हता, देव त्याला सोडून गेलेला नाही. बोकड मी द्यायचा. हे मी अजून केलेलं नाही.